निळ्या पाटीवरील अक्षरें

आमच्या घरीं माडीवर सुती खोळ घालून ठेविलेला एक संगणक आहे. तो आम्हीं २००५ सालीं घेतला. त्याचा पडदा हल्लींच्या पडद्यांसारखा पातळ नसून पाठीमागें पेटीसारखा फुगलेला आहे. त्याची स्मृति ५१२ एमबी, म्हणजे आज कॉलेजांत जाणाऱ्या मुलांच्या खिशांतील मोबाईलच्या मानानें अगदींच नाममात्र. आणि हार्ड डिस्क ८० जीबीची. त्यांत चालणारी विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ सालीं बाजारांत आली व ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची देखभाल थांबविली. तेव्हांपासून आम्हीं या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेविली आहे. हें धूड मोडींत घालावें असें घरांतील तरुण मंडळींचें एकमत आहे, आणि बहुमतानें घर चालत असतें तर तें केव्हांच गेलें असतें.

तें न जाण्याचें कारण आमचे काका. काकांनीं पंधरा वर्षें खपून आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त या यंत्रावर लिहिला. कोंकणांतील मूळ गांवापासून निघालेल्या शाखा, त्यांतून देशावर, वऱ्हाडांत व अलीकडे परदेशीं गेलेलीं कुटुंबें, जन्ममृत्यूंच्या तिथि, दत्तकविधानें, आणि आमच्याकडील जुन्या हस्तलिखितांत मुळींच नसलेली एक गोष्ट, ती म्हणजे या घरांत जन्मलेल्या मुलींचीं नांवें, त्यांचीं सासरें व त्यांचीं मुलें. काका २०२० सालीं वारले. ज्या मराठी लेखनप्रणालींत त्यांनीं हें सर्व लिहिलें तींत आजचें युनिकोड नव्हतें. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले होते. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला कीं मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा दिसतो. शिवाय ती प्रणाली कोणी फुकट वापरूं नये म्हणून तिच्याबरोबर एक बोटभर लांबीचें कुलूप मिळे. यास डोंगल म्हणतात. प्रिंटर जोडण्याच्या जुन्या रुंद तोंडास तें लावल्यावांचून प्रणाली उघडत नाहीं, आणि तसलें तोंड नव्या संगणकांस बहुधा नसतें. म्हणजे यंत्र गेलें कीं लेखन गेलें, असा हा संबंध. काकांनीं २००९ सालीं एक सीडी करून ठेविली होती. त्यापुढील सारें काम त्या एका डिस्कवर होतें. हा हलगर्जीपणा आमचाच, आणि तो आम्ही कबूल करतों.

गेल्या पावसाळ्यांत, गौरी उठल्याच्या दुसऱ्या दिवशीं, नागपूरच्या आमच्या एका चुलतबंधूंनीं आपल्या शाखेची वंशावळ मागितली म्हणून आम्हीं खोळ काढून यंत्र सुरू केलें. नेहमींचें चित्र आलें, चारदोन मिनिटें गेलीं, आणि एकाएकीं सर्व पडदा निळा होऊन त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी उमटल्या. त्या वाचण्यापूर्वींच पडदा काळा झाला व यंत्र आपोआप पुन्हां सुरू झालें. पुन्हां तोच प्रकार. असें पांच वेळां झाल्यावर आम्ही घाबरलों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पेठेंतील एका दुकानांतून एक तरुण गृहस्थ आले. त्यांनीं यंत्र दोनदां चालू करून पाहिलें व अगदीं सहज आवाजांत सांगितलें, "काका, विंडोज उडाली आहे. फॉरमॅट मारून नवी टाकून देतों. डेटा जाईल, पण मशीन चालू होईल." डेटा जाईल! पंधरा वर्षांचें काम त्या दोन शब्दांत बसलें. त्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं; त्याच्याकडे येणाऱ्या दहांपैकीं नऊ लोकांना यंत्र चालू झालें म्हणजे पुरत असेल. आम्हीं त्यास चहा दिला व विचार करून कळवितों असें सांगून निरोप दिला.

पुढचें श्रेय आमच्या घरांतून. त्या म्हणाल्या, "अहो, त्या निळ्या पाटीवर एवढें काय लिहिलें आहे तें आधीं वाचा तरी. आलेलें पत्र न वाचतांच फाडावयाचें कां?" त्यांनीं तीस वर्षें शाळेंत शिकविलें आहे, न वाचतां उत्तर देणाऱ्यांचा त्यांस विशेष राग.

परंतु वाचावें कसें? पाटी क्षणभर दिसते व जाते. याचें कारण असें कीं एक्सपीमध्यें बिघाड होतांच यंत्रानें आपोआप पुन्हां सुरू व्हावें अशी व्यवस्था मुळांतच करून ठेविलेली असते. ती बंद करतां येते. यंत्र सुरू होतांना विंडोजचें चिन्ह दिसण्यापूर्वीं एफ ८ हें बटण वारंवार दाबावें. एक यादी येते. तींत बिघाड झाल्यास आपोआप पुन्हां सुरू होऊं नये अशा अर्थाची ओळ असते, ती निवडावी. मग पाटी जागची हलत नाहीं. तिचें मोबाईलनें छायाचित्र घ्यावें. हातानें उतरून घेण्याच्या भानगडींत पडूं नये; शून्यांच्या रांगेंत एखादें शून्य हटकून सुटतें.

आतां ही पाटी म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी कीं यंत्र बिघडल्यामुळें असें कांहींतरी वेडेंवांकडें दिसतें. वस्तुस्थिति उलट आहे. पाटीवरील पहिलेंच वाक्य सांगतें कीं अडचण आढळून आली असून संगणकास इजा होऊं नये म्हणून विंडोज बंद केली आहे. एखाद्या दक्ष कारकुनास रोजकीर्द उघडतांच काल आपण लिहिलेल्या आंकड्याच्या जागीं भलताच आंकडा दिसावा. आणि त्यानें अंदाजानें पुढें लिहीत न जातां लेखणी खालीं ठेवून, दफ्तरास कुलूप लावून, दारावर कारणाची चिठ्ठी डकवावी, तशी ही गोष्ट आहे. तो लिहीत राहिला असता तर सारें वर्ष बिघडलें असतें. संगणकांतील जो भाग सर्वांच्या मुळाशीं बसून स्मृति, डिस्क व इतर अवयव यांची वांटणी करतो, त्यासच जर एखादी अशक्य गोष्ट घडलेली दिसली, तर थांबणें हाच त्याचा धर्म. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून ही चाल आहे, व एक्सपी त्याच कुळांतली. विंडोज ९५ व ९८ यांच्याहि निळ्या पाट्या होत्या, परंतु त्यांचें कूळ वेगळें. तेथें एखादें बटण दाबून कधीं कधीं काम पुढें रेटतां येई. २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागो येथें एका प्रदर्शनांत खुद्द बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडतांच भर सभेंत निळी पाटी उमटली, आणि ही प्रणाली अजून विक्रीस कां काढली नाहीं याचें कारण हेंच असावें, असा विनोद त्यांनीं स्वतःच केला. मोठ्यांच्या घरींहि असें होतें हें वाचून आम्हांस त्या आठवड्यांत बरें वाटलें!

पाटीच्या तळाशीं स्टॉप हा शब्द व त्यापुढें एक लांबलचक क्रमांक असतो, आणि पुढें कंसांत आणखी चार. त्यांत आंकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरें पाहून वाचक बिचकतो. बिचकण्याचें कारण नाहीं; निदान ज्यांच्या घरीं कोणी १ एप्रिल १९५७ पूर्वीं बाजारहाट केलेला आहे त्यांस तर मुळींच नाहीं. हे क्रमांक दहांच्या पटीनें नसून सोळांच्या पटीनें मोजलेले आहेत, आणि सोळांचा हिशेब आपल्याकडे रुपया-आण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत होता. नवापर्यंत आंकडे, पुढें ए म्हणजे दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा, ई चौदा व एफ पंधरा. सोळा झाले कीं एक रुपया. आमच्या पाटीवर पुढचीं शून्यें सोडून ७ ए असें होतें: सात रुपये दहा आणे, म्हणजे एकशें बावीस. इतकें समजलें कीं भीति अर्धी जाते. अर्थात् नुसत्या संख्येनें दुखणें कळत नाहीं. कोणत्या क्रमांकाचा काय अर्थ हें मायक्रोसॉफ्टनेंच प्रसिद्ध केलेलें आहे, तें पाहावें लागतें.

आम्हीं त्या चार दिवसांत पुष्कळ क्रमांक वाचले. कांहींचीं नांवें तर अशीं आहेत कीं व्याकरणतीर्थांनींहि हात टेकावे. ए या क्रमांकाचें नांव "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल". त्यांतून घरगुती उपयोगाचें एवढेंच घ्यावें कीं तो क्रमांक व डी १ हे बहुधा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखाद्या अवयवास चालविणाऱ्या लहानशा प्रोग्रामकडे बोट दाखवितात. नवा प्रिंटर किंवा नवें कार्ड बसविल्यावर ते दिसूं लागले तर चोर सांपडलाच म्हणावा. ५० हा क्रमांक रॅमच्या पट्टीमुळें येतो तसाच सदोष ड्रायव्हरमुळेंहि येतो. १९ जुलै २०२४ रोजीं संगणकांच्या संरक्षणासाठीं असलेल्या एका प्रणालीच्या चुकीच्या सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक एका दिवसांत निळे पडले व आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले, तेव्हांहि पाटीवर हाच बिघाड होता. रॅमचा संशय आल्यास यंत्र बंद करून, वायर भिंतीपासून काढून, प्रथम पेटीच्या धातूस हात लावावा. मग पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरानें हलक्या हातानें पुसाव्या व पट्टी नीट बसवावी. मेमटेस्ट नांवाचा एक प्रोग्राम सीडीवरून रात्रभर चालविला म्हणजे पट्टीची परीक्षा होते. २४ हा क्रमांक डिस्कवरील नोंदींच्या घोटाळ्याचा. विद्युत्पुरवठ्याची जी बंद डबी आंत असते ती मात्र कोणीहि घरीं उघडूं नये. वायर काढल्यावरहि तींत विजेचा सांठा राहतो.

७ बी या क्रमांकाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आमच्या एका स्नेह्यांचा संगणक एके सकाळीं ७ बी दाखवून बसला. अर्थ असा कीं ज्या डिस्कवरून सुरू व्हावयाचें तिच्यापर्यंत विंडोजला पोंचतांच येत नाहीं. डिस्क मेली असें समजून त्यांनीं नवी आणावयाची तयारी केली होती. आम्हीं सहज त्यांच्या संगणकाचें घड्याळ पाहिलें, तर तें कित्येक वर्षें मागें गेलेलें. आंत मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. यंत्र बंद असतांना घड्याळ व मूळ योजना लक्षांत ठेवणें हें तिचें काम. ती संपली कीं यंत्र आपल्या मनानें जन्मकाळच्या योजना धरतें, आणि डिस्कशीं बोलण्याची रीत त्यांत बदलून गेली तर एक्सपीला ती नवी रीत समजत नाहीं. नवी बॅटरी घातली, योजना पूर्ववत् केली, आणि मेलेली डिस्क जिवंत झाली.

आतां आमचा ७ ए. याचा अर्थ असा कीं विंडोजनें स्वतःचा कांहीं मजकूर स्मृतींतून काढून डिस्कवर ठेविला होता, व तो परत मागतां मिळाला नाहीं. कां मिळाला नाहीं, हें कंसांतील दुसरा क्रमांक सांगतो. तो ९ सी नें संपत असेल तर बहुधा डिस्कचा पृष्ठभागच खराब झालेला असतो. ९ डी असेल तर डिस्क जागेवर सांपडलीच नाहीं, म्हणजे केबल सैल किंवा सदोष असण्याचा संभव अधिक. आमच्या छायाचित्रांत शेवट ९ डी होता. नऊ रुपये तेरा आणे! एका आण्याच्या फरकानें रोग निराळा, उपाय निराळा. (स्टॉपपुढेंच ९ सी असेल तर तो मात्र तिसराच रोग, जागा पाहून वाचावें.) बिघाडाची नोंद एरव्हीं डिस्कवरहि लिहिली जाते व मागाहून वाचतां येते, पण डिस्कच हातची गेल्यावर नोंद कोठें लिहिणार? पाटी हाच एकमेव पुरावा होता.

पेटी उघडली. आंत धुळीचा थर, पंख्याच्या पात्यांवर लोकर जमल्यासारखें कीट, आणि डिस्कला जोडलेली चपटी राखी केबल एका टोकास किंचित् तिरपी. त्या काळच्या मदरबोर्डांवर कॅपॅसिटर फुगण्याचा रोग पुष्कळ होता. आमचे सर्व सपाट डोक्याचे निघाले. जुन्या सामानाच्या दुकानांतून दुसरी केबल आणून बसविली, धूळ मऊ ब्रशानें काढली, आणि यंत्र सुरू केलें. तें सरळ उघडलें.

येथें आमच्या हातून एक चूक होतां होतां राहिली. यंत्र चालू झालेलें पाहतांच डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेक-डिस्क नांवाची आज्ञा द्यावी असें आमच्या मनांत आलें. सगळीकडे तोच सल्ला मिळतो. परंतु ती आज्ञा सबंध डिस्क कानाकोपऱ्यांतून वाचते व वाटेंत फेरफारहि करते. डिस्क धडधाकट असेल तर उत्तम; आजारी असेल तर दुबळ्या रोग्यास पर्वती चढावयास लावल्यासारखें होतें. म्हणून प्रथम नक्कल, मग दुरुस्ती, असें आम्हीं ठरविलें व काकांच्या सर्व फाइली पेन ड्राइव्हवर घेऊं लागलों. २१४ फाइली होत्या. २१२ आल्या. दोन फाइलींपाशीं यंत्र घुटमळलें, डिस्कमधून बारीक खरडल्यासारखा आवाज आला, आणि नक्कल थांबली. आम्हीं तेथेंच यंत्र बंद केलें.

तीन आठवड्यांनीं पुन्हां पाटी आली. ७ ए तोच, पण कंसांत ९ सी. म्हणजे केबलचा दोष खरा होताच, आणि त्याच्या आड डिस्कचें दुखणेंहि होतें. त्या दिवशीं आम्हांस पहिल्यासारखी भीति वाटली नाहीं, एवढें मात्र खरें. भाचा लिनक्सचा जाणकार आहे. त्यानें डिस्क काढून आपल्या संगणकास जोडली व डीडीरेस्क्यू नांवाचा प्रोग्राम लाविला. त्याची रीत आम्हांस फार आवडली. तो प्रथम जें सहज वाचतां येतें तें सर्व उचलून घेतो, अवघड जागेपाशीं अडून बसत नाहीं, आणि मग राहिलेल्या जागांकडे पुनःपुन्हां चिकाटीनें परततो. एक रात्र व एक दिवस तें काम चाललें होतें. तो उतारा त्यानें त्याच जातीच्या दुसऱ्या एका डिस्कवर उतरविला; ती आमच्या यंत्रांत बसविली; कुलूप लाविलें; आणि काकांचीं पानें जशींच्या तशीं पडद्यावर उभीं राहिलीं. घरांतून तेवढ्यांत कोणी तरी देवापुढें साखर ठेविली.

आतां सर्व पानांच्या पीडीएफ करून त्या नागपुरास व परदेशांतील दोन घरीं पाठविल्या आहेत, व एक प्रत कागदावर छापून घेतली आहे. मजकूर युनिकोडमध्यें आणण्याचें काम चालू आहे. रफार भलत्याच अक्षरावर जातात, ऱ्हस्व वेलांटी एक घर मागेंपुढें सरकते, म्हणून तें ओळ-ओळ तपासावें लागतें. दोन अडलेल्या फाइलींपैकीं एक संपूर्ण मिळाली. दुसरीचा मधला भाग डिस्कच्या मेलेल्या जागेंत होता, तो गेला. ती फाइल एका शाखेंतील मुलींची होती. आधींच्या व नंतरच्या अनुक्रमांकांवरून पाहतां अकरा नांवें गेलीं आहेत. त्या शाखेंतील एक आत्याबाई सोलापुरास असतात. वय ब्याण्णव, पण स्मरण लख्ख. दर रविवारीं दुपारीं त्यांस टेलिफोन करावा, त्यांनीं एखादें माहेरचें लग्न आठवावें, आणि आम्हीं लिहून घ्यावें, असा क्रम चालू आहे. आतांपर्यंत सात नांवें मिळालीं आहेत.